पॅलिओ डाएट: आदिमानवाच्या ताटात नेमकं काय होतं?

जिममध्ये नाव घातलं की ट्रेनर पहिल्याच दिवशी सांगतो, पोळी-भात बंद करा. मोबाइलवर कुणी डॉक्टर सांगत असतात की गहू हे सावकाश भिनणारं विष आहे. नात्यातल्या एखाद्याने दहा-बारा किलो वजन उतरवलेलं असतं आणि लग्नाच्या पंगतीत तो वरण-भात बाजूला सारून नुसती कोशिंबीर खात असतो. विचारलं की उत्तर येतं, "पॅलिओ करतोय. आदिमानव जे खायचा तेच खायचं."

काही वर्षांपूर्वी दिवसातून दोनदाच जेवायचं की दर दोन तासांनी थोडं थोडं खायचं, यावरून महाराष्ट्रात घराघरांत तट पडले होते. तो वाद कितीदा खायचं याचा होता. हा वाद त्याहून खोल जातो, कारण यात ज्वारी, तूर, दूध सगळ्यांनाच आरोपीच्या पिंजऱ्यात उभं केलं जातं. ऐकणारा गोंधळतो. पिढ्यान्‌पिढ्या भाकरी खाल्ली ती काय चूक केली, असं वाटतं. आणि त्याच वेळी घरात दोघांना तरी शुगर असतेच. आयसीएमआरच्या (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या) २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार भारतात १०.१ कोटी लोकांना मधुमेह आहे आणि आणखी १३.६ कोटी लोक त्याच्या उंबरठ्यावर आहेत. एवढं मोठं संकट दारात असताना लोक नवे मार्ग शोधणारच. त्यांना उडवून लावण्यापेक्षा हा दावा मुळापासून तपासलेला बरा.

नियम काय आहेत आणि ते आले कुठून

पॅलिओ म्हणजे पॅलिओलिथिक, मराठीत पुराश्मयुग. माणसाच्या पूर्वजांनी दगडाची पहिली हत्यारं घडवली तेव्हापासूनचा, म्हणजे सुमारे तीस लाख वर्षांपूर्वीपासून साधारण १२,००० वर्षांपूर्वीपर्यंतचा हा काळ. शेती नव्हती, पाळीव गुरं नव्हती. शिकार करायची, मासे धरायचे, कंद उकरायचे, फळं आणि मध गोळा करायचा.

त्यावरून या आहाराचे नियम निघाले. मांस, मासे, अंडी, भाज्या, फळं, कंद आणि सुकामेवा चालतो. धान्य कुठलंच चालत नाही. गहू-तांदूळ तर नाहीच, पण ज्वारी, बाजरी, नाचणीही नाही. डाळी आणि कडधान्यं बंद. शेंगदाणे शेंगवर्गातले म्हणून तेही बंद. दूध, दही, ताक, पनीर बंद. साखर, मीठ, रिफाइंड तेल आणि पाकिटातलं काहीही बंद. बटाट्याबद्दल या मंडळींमध्येही एकमत नाही.

१९७५ साली वॉल्टर व्हॉग्टलिन या अमेरिकी पोटविकारतज्ज्ञाने माणूस मुळात मांसाहारी आहे असं म्हणत ही कल्पना मांडली. तिला वजन आलं १९८५ मध्ये, बॉइड ईटन आणि मेल्विन कॉनर यांचा लेख 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये आला तेव्हा. त्यांनी मांडलेल्या सरासरी आहारात साधारण एक तृतीयांश मांस आणि दोन तृतीयांश वनस्पती होत्या. आज पॅलिओच्या नावाखाली तिन्हीत्रिकाळ चिकन-अंडी खाणाऱ्यांना हे बहुधा कुणी सांगितलेलंच नसतं. पुढे २००२च्या सुमारास कोलोरॅडो स्टेट विद्यापीठातल्या लोरेन कॉर्डेन यांच्या पुस्तकाने ही कल्पना सर्वदूर पोचवली.

यामागचा विचार असा: शरीर बदलायला फार पिढ्या लागतात. लाखो वर्षं माणूस शिकार आणि कंदमुळांवर जगला, शेती आली ती कालपरवा. म्हणजे शरीर जुनं आणि अन्न नवं, असा विजोड संसार झाला, आणि त्यातून मधुमेह, रक्तदाब, हृदयविकार आले. हा विचार टाकाऊ मुळीच नाही. साखर, मैदा आणि तळणाच्या बाबतीत तो बराचसा खराही आहे. खरा प्रश्न तो ज्वारीला आणि तुरीला लागू पडतो का, हा आहे.

कुठला आदिमानव?

जळगाव जिल्ह्यात चाळीसगाव तालुक्यात पाटणे नावाचं गाव आहे. तिथल्या उत्खननात सुमारे २५,००० वर्षांपूर्वीचे शहामृगाच्या अंड्याच्या कवचाचे तुकडे मिळाले. एका तुकड्यावर आडव्या-तिरप्या बारीक रेघांची जाळीदार नक्षी कोरलेली आहे. खानदेशात तेव्हा शहामृगं फिरत होती. शहामृगाचं एक अंडं कोंबडीच्या दोन डझन अंड्यांएवढं भरतं, त्यामुळे कवचावर नक्षी काढण्याआधी आतला ऐवज कुणी फेकून दिला असेल असं वाटत नाही. आजच्या आहारतक्त्यात शहामृगाचं अंडं कुठेच नसतं, आणि चाळीसगावात आता शहामृगही नाही.

सांगायचा मुद्दा असा की प्रत्येक जागेचं खाणं वेगळं होतं. शिकार आणि वेचणीवर जगणारे काही समाज अलीकडच्या काळापर्यंत तसे राहिले, त्यांच्याकडे बघितलं की हे स्पष्ट होतं. ते अश्मयुगाचे उरलेले नमुने नव्हेत, आपल्याइतकेच आजचे लोक आहेत. पण शेतीशिवाय जगण्याच्या किती तऱ्हा असतात हे त्यांच्यामुळे कळतं. उत्तर ध्रुवाकडच्या इन्युइट लोकांचं पूर्वापार जेवण म्हणजे सील, देवमासा, कॅरिबू नावाचं हरीण. भाजी जवळजवळ नाहीच. आफ्रिकेतल्या कलहारी वाळवंटातल्या कुंग सान लोकांमध्ये १९६०च्या दशकात मानववंशशास्त्रज्ञ रिचर्ड ली राहिले, तेव्हा त्यांना आढळलं की खाण्याचा मोठा हिस्सा वनस्पतींचा आहे आणि त्यातही मोंगोंगो नावाच्या झाडाच्या बियांचा. टांझानियातले हाद्झा कंद, गोरखचिंचेची फळं, बोरांसारखी रानफळं आणि शिकार खातात. शिवाय त्यांच्या उष्मांकांपैकी सुमारे १५ टक्के मधातून येतात. मधाचं पोळं दाखवणारा एक पक्षी असतो, त्याला शीळ घालून बोलवायचं आणि तो नेईल तिकडे जायचं, ही त्यांची रीत.

यातला 'खरा' आदिमानवी आहार कुठला? कुठलाच एक नाही. माणूस हिमप्रदेशापासून वाळवंटापर्यंत पसरला तोच मुळी समोर येईल ते पचवता आल्यामुळे.

हाडं उरतात, कंद कुजतात

मग आदिमानव म्हटला की हातात भाला आणि समोर केसाळ मॅमथ हत्ती, हेच चित्र का येतं? गावजेवणाच्या दुसऱ्या दिवशी उकिरड्यावर जाऊन पाहिलं तर काय दिसेल? मटणाची हाडं. भात, पातळ भाजी, कोशिंबीर यांचा मागमूस नसतो. तेवढ्यावरून कुणी लिहिलं की या गावात लोक फक्त मटण खातात, तर ते चुकेल. पुरातत्त्वाची अडचण नेमकी हीच होती. हाड लाखो वर्षं टिकतं, कंद आठवड्यात कुजतो.

गेल्या काही दशकांत मात्र अभ्यासाची साधनं सुधारली. दातांवर साचून दगडासारख्या झालेल्या किटणात पिठूळ पदार्थांचे कण अडकून राहतात, ते सूक्ष्मदर्शकाखाली ओळखता येतात. जळून कोळसा झालेले अन्नाचे तुकडे टिकतात. पाट्यासारख्या सपाट दगडांच्या खळग्यांत पिष्टाचे कण मिळतात. आणि यातून जे पुढे आलं त्याने पॅलिओच्या नियमांचा पायाच हलवला.

दक्षिण आफ्रिकेतल्या बॉर्डर केव्ह या गुहेत १,७०,००० वर्षांपूर्वीच्या राखेत भाजलेले पिठूळ कंद सापडले. इस्राएलमध्ये गॅलिली सरोवराचं पाणी १९८९ मध्ये ओसरलं तेव्हा तळाशी ओहालो नावाची २३,००० वर्षांपूर्वीची वस्ती उघडी पडली. तिथे रानटी जव आणि रानटी गहू होता, शिवाय ते दळल्याच्या खुणा असलेला दगडही. जॉर्डनच्या ईशान्य भागात शुबायका इथे चुलीच्या राखेत १४,४०० वर्षांपूर्वीच्या भाकरीसारख्या पदार्थाचे करपलेले तुकडे मिळाले. तिथे शेती सुरू व्हायला अजून सुमारे चार हजार वर्षं अवकाश होता. म्हणजे आधी भाकरी आली आणि शेत नंतर.

मला सगळ्यात लक्षणीय वाटतो तो इराकमधल्या शानिदार गुहेतला शोध, २०२२ साली प्रसिद्ध झालेला. सुमारे ७०,००० वर्षांपूर्वी तिथे राहणाऱ्या निअँडरथल मानवांच्या (आपल्या जवळच्या, आता नामशेष झालेल्या मानवजातीच्या) चुलीत करपलेले अन्नाचे गोळे सापडले. सूक्ष्मदर्शकाखाली त्यात रानटी डाळवर्गीय बिया दिसल्या, आणि त्या भिजवून, ठेचून मग शिजवलेल्या होत्या. रात्री डाळ भिजत घालायची आणि सकाळी वाटायची, या कामाची मुळं शेतीच्या कितीतरी मागे जातात. डाळ हे माणसासाठी परकं, नवं अन्न आहे असं म्हणणाऱ्यांनी याचं उत्तर द्यायला हवं.

"पण दहा हजार वर्षांत शरीर बदलत नाही ना?"

बदलतं, आणि त्याचा पुरावा आपल्या शरीरात आहे.

दुधातली साखर पचवायला लॅक्टेज नावाचं पाचकद्रव्य लागतं. सस्तन प्राण्यांचं पिल्लू अंगावरचं दूध सोडतं तसं हे द्रव्य आटत जातं. माणसातही पूर्वी तसंच होतं आणि जगातल्या सुमारे दोन तृतीयांश प्रौढांत आजही होतं. पण गुरं पाळणाऱ्या समाजांत गेल्या दहा हजार वर्षांच्या आत असे जनुकीय बदल पसरले की मोठेपणीही दूध पचावं. भारतात दिसणारा प्रमुख बदल युरोपातल्यासारखाच आहे. वायव्येकडे त्याचं प्रमाण जास्त, दक्षिणेकडे आणि पूर्वेकडे कमी. म्हणूनच एकाच चाळीत एकाला पेलाभर दूध सहज पचतं आणि शेजाऱ्याचं पोट गडगडतं. ज्यांना दूध बाधतं त्यांनाही दही-ताक बऱ्याचदा सोसतं, कारण विरजणात ती साखर काही प्रमाणात आधीच मोडलेली असते.

दुसरं उदाहरण लाळेतल्या अमायलेजचं. भात बराच वेळ चावला की गोड लागतो तो याच्यामुळे, पिष्टाची साखर करणारं द्रव्य हे. चिंपांझीत या जनुकाच्या दोन प्रती असतात. माणसात दोनपासून पंधरापर्यंत आढळतात, आणि पिष्टमय अन्नावर पिढ्यान्‌पिढ्या वाढलेल्या समाजांत सरासरी जास्त. २०२४ सालच्या एका जनुकीय अभ्यासाने तर दाखवलं की या प्रती वाढायला सुरुवात आठ लाख वर्षांपूर्वीच्याही आधी झाली होती. शेतीच्या नावाने ज्या कर्बोदकांवर राग काढला जातो, ती पचवण्याची तयारी माणूस 'आधुनिक माणूस' होण्याआधीच सुरू झाली होती.

"धान्यात आणि डाळीत विष असतं म्हणतात"

हा आक्षेप अर्धा खरा आहे. बी खाल्लं जाऊ नये म्हणून वनस्पती त्यात काही बचावाची द्रव्यं ठेवते. लेक्टिन हे त्यातलं एक प्रथिन. राजमा नीट न शिजवता खाल्ला की उलट्या-जुलाब होतात ते त्यामुळे. दुसरं फायटेट, ते लोह आणि जस्त धरून ठेवतं, त्यामुळे ते शरीराला कमी मिळतात.

पण लेक्टिन चांगल्या उकळीत निकामी होतं, कुकरच्या शिट्ट्या त्याला पुरेशा आहेत. फायटेट भिजवल्याने, मोड आणल्याने, आंबवल्याने कमी होतं. मटकी फडक्यात बांधून ठेवणं, आंबोळीचं पीठ रात्रभर आंबवणं, हे त्यासाठी आपसूक झालेले उपाय आहेत. आणि ज्यांना फायटेटची भीती वाटते त्यांच्या ताटात बदाम-अक्रोड सुखाने असतात. फायटेट त्यांतही भरपूर असतं.

रानातल्या अन्नात तर बचावाची द्रव्यं कितीतरी जास्त असतात. पावसाच्या तोंडावर ठाणे-रायगडच्या बाजारात शेवळं येतात. ती तशीच शिजवली तर घसा खाजून हैराण होतो, कारण त्यात सुईसारखे सूक्ष्म स्फटिक असतात. म्हणून विकणारी बाई शेवळांबरोबर काकडं देते. ही लहान आंबट फळं, त्यांचा रस काढून भाजीत घालायचा. अळवाला चिंच लागते ती त्याच कारणाने. कातकरी, ठाकूर, वारली लोक जंगलातून कडूकंद आणतात. त्याचे पातळ काप करायचे, राख घालून उकळायचे, मग टोपलीत भरून रात्रभर ओढ्याच्या वाहत्या पाण्यात ठेवायचे. कडवटपणा आणि त्याबरोबरचा विषारी अंश निघून गेला की मगच तो कंद खायचा. एखादी पायरी चुकली की माणूस आजारी पडतो. कुठल्या महिन्यात कुठला कंद, किती उकळी, किती राख, हे ज्ञान बहुतेक बायकांच्या हातात असतं आणि आईकडून मुलीकडे जातं. त्याला आपण शास्त्र म्हणत नाही ही आपली कमतरता.

निसर्गाने जसं दिलं तसं खाणारा आदिमानव कल्पनेतला आहे. खरा आदिमानव भिजवत होता, भाजत होता, ठेचत होता, धुवून विष काढत होता. माणसाचं मूळ अन्न कुठलं, असं कुणी विचारलंच तर मी म्हणेन, प्रक्रिया केलेलं, स्वयंपाक केलेलं अन्न.

आजच्या मंडईत ते अन्न मिळतं का?

फारसं नाही. कोबी, फ्लॉवर, ब्रोकोली आणि नवलकोल ही एकाच रानटी वनस्पतीपासून शेतकऱ्यांनी निवडून निवडून घडवलेली रूपं आहेत. रानकेळ्यात गर थोडा आणि टणक बिया फार. रानटी बदाम कडू आणि विषारी असतो. कोंबडी, बकरा, गाय हे सगळे गेल्या काही हजार वर्षांत माणसाने बदललेले प्राणी. पॅलिओच्या यादीतली बहुतेक प्रत्येक वस्तू शेतीचीच देणगी आहे.

नांगराशिवायच्या अन्नाची एक आठवण आपल्याकडे आहे, ती ऋषिपंचमीला. बैलाच्या कष्टाचं त्या दिवशी खायचं नाही. परसातलं अळू, सुरण, पडवळ, भेंडी, माठाचे देठ, भोपळा, मक्याच्या कणसाचे तुकडे घालून केलेली एकच भाजी, फोडणी नाही की मसाला नाही. ती मला फार प्रिय आहे. पण त्यातला मका आणि लाल भोपळा मुळात अमेरिकेतून आलेला, बटाटा आणि साबुदाण्याच्या मागचा टॅपिओकाही तिथलाच. उपवासाचं ताटसुद्धा इतिहासाबरोबर बदलत आलंय.

"मग लोकांना फायदा कसा होतो?"

फायदा होतो, हे नाकारायचं कारण नाही. १९८४ मध्ये केरिन ओडी या ऑस्ट्रेलियन संशोधिकेने एक विलक्षण अभ्यास प्रसिद्ध केला. मधुमेह असलेले दहा आदिवासी स्त्री-पुरुष शहरी जगणं सोडून सात आठवडे वायव्य ऑस्ट्रेलियातल्या आपल्या पूर्वजांच्या भूमीत जाऊन राहिले. कांगारू, मासे, कासव, रताळ्यासारखे कंद, मध, जे मिळेल ते. सात आठवड्यांनी वजन सरासरी आठ किलोने उतरलं होतं आणि रक्तातली साखर झपाट्याने खाली आली होती. हा निकाल आजही वाचताना थक्क व्हायला होतं.

पण त्या सात आठवड्यांत काय काय बदललं ते बघा. साखर, मैदा, दारू बंद. दिवसाला साधारण १,२०० उष्मांक, म्हणजे निम्म्यावर आलेलं खाणं. अन्न मिळवायला रोजची पायपीट. धान्य नव्हतं हे खरं, पण त्याच्याबरोबर आणखी दहा गोष्टी नव्हत्या.

स्वीडनमध्ये यावर नीट चाचण्या झाल्या. २००७ साली हृदयविकार आणि वाढलेली साखर असलेल्या २९ पुरुषांवर बारा आठवड्यांची चाचणी झाली. पॅलिओ गटात साखरेवरचं नियंत्रण भूमध्यसागरी पद्धतीच्या आहारापेक्षा जास्त सुधारलं. चाचणी लहान होती, पण निकाल दुर्लक्ष करण्यासारखा नाही. २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या चाचणीत पाळी गेलेल्या, स्थूल अशा ७० स्त्रिया होत्या आणि ती दोन वर्षं चालली. सहा महिन्यांनी पॅलिओ गट तुलनेच्या गटापेक्षा आघाडीवर होता. दोन वर्षांनी चरबी घटण्यातला फरक उरला नव्हता. रक्तातली ट्रायग्लिसराइड्स, म्हणजे एक प्रकारची चरबी, मात्र पॅलिओ गटात कमी होती. त्याच चाचणीत पॅलिओ गटातल्या स्त्रियांना आयोडीन कमी पडत असल्याचंही दिसलं, कारण दूध आणि आयोडीनयुक्त मीठ दोन्ही बंद होतं.

आता यात २०१९ची एक अमेरिकी चाचणी जोडा. संशोधक केविन हॉल यांनी वीस जणांना संशोधन केंद्रातच ठेवलं. दोन आठवडे कारखान्यात बनलेलं पाकीटबंद अन्न, दोन आठवडे साधं शिजवलेलं. साखर, चरबी, तंतू दोन्हींत सारखे, हवं तेवढं खा. पाकीटबंद अन्नावर माणसांनी रोज सुमारे ५०० उष्मांक जास्त खाल्ले आणि दोन आठवड्यांत जवळजवळ एक किलो वजन वाढवलं. पॅलिओ करणाऱ्याने पहिल्याच दिवशी बिस्किट, फरसाण, पाव, शीतपेयं, मिठाई सोडलेली असते. फायद्याचा मोठा वाटा तिथून येतो, आणि त्याचं श्रेय भाकरी सोडल्याला दिलं जातं.

नुसती कर्बोदकंच वाईट असतील तर बोलिव्हियातल्या त्सिमाने लोकांचं काय करायचं? भात, केळी, कसावा, मका हे त्यांचं मुख्य खाणं आणि सुमारे ७२ टक्के उष्मांक कर्बोदकांतून. तरी २०१७ साली 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात आलेल्या अभ्यासानुसार त्यांच्या हृदयाच्या रोहिण्या तोवर तपासलेल्या कुठल्याही समाजापेक्षा स्वच्छ निघाल्या. भारतीय आहारातही सुमारे ६२ टक्के उष्मांक कर्बोदकांतून येतात. फरक असा की त्सिमाने दिवसभर शिकार, मासेमारी आणि शेतात राबतात, आणि आपण पॉलिशचा तांदूळ, चाळलेलं पीठ आणि साखर खाऊन खुर्चीत बसतो.

"शेती आल्यावर माणूस खुजा आणि रोगी झाला, हे खोटं का?"

खोटं नाही. अनेक ठिकाणी शेतीच्या सुरुवातीला उंची घटली, दात किडले, रक्तक्षयाच्या खुणा वाढल्या. एकाच पिकावर भिस्त, दाट वस्ती, गुरांकडून आलेले रोग, दुष्काळ, अशी कारणं एकात एक गुंतलेली होती. पुणे जिल्ह्यात शिरूर तालुक्यात घोड नदीकाठी इनामगाव आहे. डेक्कन कॉलेजने १९६८ पासून तिथे बरीच वर्षं उत्खनन केलं. इसवी सनापूर्वी १६०० ते ७०० या काळातलं, जव पिकवणारं हे शेतकऱ्यांचं गाव. घरांच्या जमिनीखाली दोन मडकी तोंडाला तोंड लावून पुरलेली सापडतात आणि आत तान्ह्या मुलाची हाडं. अशी दफनं तिथे फार आहेत.

मात्र शेतीआधीचं जग निरोगी होतं असंही नाही. मोरोक्कोतल्या ताफोराल्त गुहेत १५,००० वर्षांपूर्वी राहणारे लोक शेती करत नव्हते, पण पिठूळ ओकफळं खात होते, आणि त्यांचे निम्मे दात किडलेले निघाले. २०१३ साली जगाच्या चार भागांतल्या १३७ ममी तपासल्या तेव्हा सुमारे एक तृतीयांशांच्या रोहिण्या कडक झालेल्या दिसल्या. त्यात शिकार-मासेमारीवर जगणारे, अलास्काजवळच्या अल्युशियन बेटांवरचे लोकही होते.

उलट बाजूने एक चुकीचं उत्तर दिलं जातं, तेही बाजूला करू: "आदिमानव तिशीतच मरायचा, त्याचं काय सांगता." सरासरी आयुष्य तीस-पस्तीस यायचं ते बालमृत्यूंमुळे. शिकारी समाजांच्या नोंदी सांगतात की बालपण पार केलेली बरीच माणसं साठी-सत्तरी गाठत.

आपल्या घरात करायचं म्हटलं तर

मांस-मासे खाणाऱ्याला हा आहार निदान काही महिने जमतो. कोकणातल्या माणसाला बांगडा, सोलकढी, सुरण, शेवग्याच्या शेंगा यांवर दिवस काढणं अवघड नाही. शाकाहारी घरात मात्र हिशेबच जुळत नाही. डाळ, कडधान्य, दूध, धान्य काढून टाकल्यावर प्रथिनं कुठून आणणार? उरतो सुकामेवा, आणि त्याच्या किमती महिन्याचं रेशन भरणाऱ्याला विचारा. १०० ग्रॅम नाचणीत सुमारे ३५० मिलिग्रॅम कॅल्शियम असतं, दुधाच्या जवळजवळ तिप्पट. दूध आणि नाचणी दोन्ही एकदम सोडणाऱ्या चाळिशीच्या बाईच्या हाडांची मला काळजी वाटते. मूग आणि कुळीथ तर भारताच्याच मातीत माणसाळवलेली पिकं. कुळथाचं पिठलं सोडून परदेशी बदामाच्या पिठाची पोळी करणं, यात पैशाशिवाय काय जातं आणि तब्येतीत काय येतं?

या विचारातून घेण्यासारखं बरंच आहे. साखर आणि पाकिटं हटवणं. ताटात भाताचा ढीग आणि भाजीचा चमचा असतो ते प्रमाण उलटवणं. एकाच गव्हा-तांदळावर न राहता ज्वारी, नाचणी, वरी फिरवत राहणं. पावसाळ्यात टाकळा, कुर्डू, भारंगी, कवळा विकणाऱ्या बायका रस्त्याकडेला बसतात, त्यांच्याकडून जुडी घेणं आणि करायची कशी हेही त्यांनाच विचारणं. मांसाहार करणाऱ्यांनी मासे आणि अंडी न घाबरता खाणं, डाळीतली प्रथिनं वाढवणं. यातल्या कशासाठीही वरण सोडावं लागत नाही.

एक सूचना मात्र गांभीर्याने घ्यावी. इन्सुलिन किंवा साखर उतरवणाऱ्या गोळ्या चालू असताना भात-भाकरी एकदम बंद केली तर साखर धोकादायक पातळीपर्यंत घसरू शकते. घाम फुटतो, हातपाय थरथरतात, शुद्धही हरपते. औषधाचा डोस जेवणातल्या कर्बोदकांच्या हिशेबाने ठरवलेला असतो, त्यामुळे जेवण बदलायच्या आधी डॉक्टरांकडून डोस बदलून घ्यावा लागतो. मूत्रपिंडाचा त्रास असलेल्यांनी, गरोदर स्त्रियांनी आणि वाढत्या मुलांच्या पालकांनी व्हिडिओ बघून असा आहार सुरू करू नये. मीठ कमी करायचं असेल तर जरूर करा, पण जे वापराल ते आयोडीनयुक्तच असू द्या.